एकाच ताग्यातल्या पेशी

९ फेब्रुवारी

वहिनी,

इतक्या दिवसांत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. दादा अचानक गेला, आणि त्याच्या संस्थेतल्या शोकसभेत आपलं जे झालं, त्यानंतर मी अनेकदा लिहायला बसले. पहिल्या वाक्यात तुझा दोष निघायचा, दुसऱ्यात माझा, आणि दोन्ही वाक्यं खोटी वाटायची. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे कागदावर.

कामाचं सांगते. औषधचाचणी समितीने आमच्या प्रयोगशाळेत एक कुपी पाठवली. वर नाव नव्हतं, नुसता आकडा. प्रश्न एकच होता : हा रेणू माणसाच्या जिवंत पेशीत शिरून किडनीतल्या ज्या प्रथिनावर औषध चालायचं, त्याला धरतो की नाही? पूड फिकट पिवळी होती आणि कशातच विरघळेना. शेवटी कोमट करून ढवळत बसावं लागलं. तेव्हाच ओळखायला हवी होती. ही तुम्ही दोघांनी किडनीसाठी बनवलेली 'हट्टी'. दादाने ठेवलेलं नाव, आणि वर तुझ्यादेखत 'बनवणारीवर गेलीय' म्हणायचा. मला कळलं ते मोजमापं संपल्यावर, समितीचे कागद आले तेव्हा. हे मुद्दाम लिहिते, कारण तू म्हणशील की मी आधीच ठरवून बसले होते.

तू रसायनवाली, पेशींचा भाग दादाचा, म्हणून पद्धत थोडक्यात सांगते. त्याने आप्पांना ती अंड्यावरून समजावली होती. अंडं तापलं की आतलं घट्ट होतं. पेशीतल्या प्रथिनाचंही तसंच. ठरावीक उष्णतेला ते आखडतं, गोळा होतं, खाली बसतं. पण रेणूने त्याला धरून ठेवलं असेल तर ते आणखी काही अंश तग धरतं. म्हणून पेशींना रेणू द्यायचा, पेशी तापवायच्या, मग फोडायच्या, आणि किती प्रथिन अजून शाबूत आहे ते मोजायचं. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "म्हणजे तुम्ही दिवसभर अंडी उकडता आणि पगार घेता."

हट्टी दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत काहीच फरक आला नाही. आलेखावर दोन्ही रेषा एकीवर एक. प्रथिन वेगळं काढून नळीत ठेवलं तर हट्टी त्याला घट्ट धरते. जिवंत पेशीत मात्र नाही.

अहवाल अजून दिलेला नाही. तुला आधी सांगणं नियमात बसतं का, ते समितीलाच विचारलं आणि आपलं नातंही कळवलं. ते म्हणाले, बनवणारीशी बोलायला हरकत नाही, निकाल मात्र जो आहे तोच द्या. आणखी एक गोष्ट मी स्वतःला विचारली : हे लिहिताना मला कुठेतरी बरं वाटतंय का? थोडंसं वाटतंय. म्हणूनच याआधीचं पत्र फाडून टाकलं.

आप्पा कसे आहेत?

उद्या : त्याच पेशी नव्याने वाढवून पुन्हा तापवणे.

तुझी नणंद

१८ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. माफी एका वाक्यात, आणि माझ्या नवऱ्याचं काम कसं फसलं ते दोन पानांत. हे प्रमाण तुम्हालाच जमतं.

'आपलं जे झालं' असं तुम्ही लिहिता. आपलं काही झालं नाही. माणसं डोळे पुसत होती आणि तुम्ही उभं राहून म्हणालात, "त्याचं काम अजून कोणीतरी तपासायला हवं." भाऊ जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. माझ्या घरात पाऊल टाकू नका, असं मी त्या दिवशी म्हणाले. ते अजून तसंच आहे. तो तुम्हाला शंकासुर म्हणायचा तेव्हा मी त्याला गप्प करायची. उगाच करायची.

आता कामाचं. तो हेच मोजमाप वर्षानुवर्षं करत होता. दर वेळी हट्टीने त्या प्रथिनाला धरलं. उंदरांच्या किडन्या सुधारल्या. तुमच्या पेशी कुठून आणलेल्या, किती जुन्या? तापवायचं यंत्र शेवटचं कधी तपासलंत? त्यातल्या नळ्यांच्या कडेच्या रांगा मधल्यांपेक्षा थंड राहतात, हे माझ्यासारख्या रसायनवालीलाही ठाऊक आहे. आणि कुपी 'कोमट' केलीत म्हणजे किती? दूध नव्हे ते, उतू जाईपर्यंत तापवायला. जास्त तापली की ती तुटते.

लोक आम्हाला विचारायचे, मूलबाळ? तो म्हणायचा, "आहे की, हट्टी." तुम्हीही हसायचात तेव्हा. आता त्याच पोरीला नालायक ठरवायला निघालात.

आप्पा बरे आहेत. तुम्ही एका ओळीत विचारलंत, मी एका ओळीत सांगितलं.

आणि पत्राच्या शेवटी 'उद्या' म्हणून काम लिहायची खोड सोडा. मी तुमची डायरी नाही.

तुमच्या दादाची बायको

६ मार्च

वहिनी,

तू अहोजाहो करतेस ते लागतं. लागावं म्हणूनच करतेस, तेव्हा पोचलं असं समज.

तुझा प्रत्येक प्रश्न तपासला. यंत्राच्या कडेच्या रांगा खरंच थंड होत्या. तुझं बरोबर. त्या सोडून सगळं पुन्हा केलं. कुपी हाताला लागेल इतकीच कोमट केली होती. रेणू तुटलेला नाही, तेही तपासून घेतलं. पेशी माणसाच्या किडनीच्या, नव्याने मागवलेल्या. उत्तर तेच आलं.

सभेत मी बोलले ते चुकीच्या जागी बोलले. चुकीचं बोलले, असं मात्र अजूनही वाटत नाही.

आता एक गोष्ट नीट वाच. दादाच्या छापलेल्या लेखातली रेषा मी माझ्या रेषेवर ठेवून पाहिली. हट्टी दिलेल्या पेशींची नव्हे, साध्या पेशींची. त्या दोघांच्या सारख्याच असायला हव्यात. दादाचं प्रथिन माझ्यापेक्षा कमी उष्णतेला आखडतं. मला बरेच दिवस हे उलगडेना. मग मी मुद्दाम आधी पेशी फोडल्या आणि त्यांचा तो द्राव तापवला. रेषा जाऊन दादाच्या रेषेवर बसली. आणि फुटलेल्या पेशीत हट्टी प्रथिनाला धरतेच. भिंतच पडलेली असेल तर कोणीही आत येईल.

पेशी फोडायला आम्ही त्या गोठवतो आणि वितळवतो, पण तापवून झाल्यावर. दादा त्या आधीच गोठवून ठेवायचा का?

हे मला का सुचलं तेही सांगते. आप्पा दुकानात कोट बेतायचे तेव्हा सगळे भाग एकाच ताग्यातून कापायचे. दुसऱ्या ताग्याचा अगदी तोच रंग असला तरी घ्यायचे नाहीत. उन्हात उभा राहिलास की बाही वेगळी दिसेल, म्हणायचे. आम्ही दोघं टेबलाखाली बसून चिंध्या जुळवायचो, आणि दादा माझी एखादी चिंधी काढून बाजूला ठेवायचा, "ही आपली नाही" म्हणून. पुढे प्रयोगशाळेतही तो म्हणायचा, सगळ्या नळ्या एकाच ताग्यातल्या हव्यात. एका दिवशी वाढवलेल्या पेशी आठवडाभर पुरवायच्या तर ठेवणार कशा?

तू त्याच इमारतीत होतीस. पाहिलं असशील. हो की नाही, एवढंच लिही. अहवाल मला महिनाअखेर द्यावाच लागेल.

उद्या : गोठवून वितळवलेल्या पेशींना हट्टी देऊन पाहणे. (खोड सुटत नाही.)

तुझी नणंद

१५ मार्च

वन्सं,

हो की नाही एवढंच लिही म्हणे. नणंद आहेस की फौजदार? बघ, अहोजाहो गेलं. रागात मला ते सांभाळता येत नाही.

तुझी रेषा, तुझी शंका, तुझा तागा. चाळिशी उलटली तरी अजून टेबलाखालीच बसली आहेस. त्याने तुझी चिंधी बाजूला ठेवली म्हणून आता त्याची पेशी बाजूला ठेवायची आहे तुला. त्याने काय गोठवलं आणि काय नाही, याचं उत्तर मी तुला देणं लागत नाही.

तुला आणखी काही माहीत नाही, ते आता ऐक. आप्पा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते बरे नाहीत. वर्षभरात त्यांच्या किडन्या थकत थकत गेल्या. पाय सुजतात. जिना चढवत नाही, म्हणून शिलाई मशीन खालच्या खोलीत आणून दिलंय. तुला कळवू नको, असं त्यांनीच बजावलं होतं. "ती येईल आणि डॉक्टरची उलटतपासणी घेईल," म्हणाले.

हट्टीच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीत त्यांचं नाव पहिलं आहे. निवड इस्पितळाच्या डॉक्टरांनी त्यांच्या नियमाने केली, मी हात लावलेला नाही. हवं तर तेही तपास. मेमध्ये सुरू व्हायचं आहे. मुलाचं औषध बापाच्या अंगात जाणार, या एका गोष्टीवर तो माणूस सकाळी उठतो आणि समोरचं ताट संपवतो. त्या दिवसासाठी त्यांनी सदरा शिवलाय. डाव्या बाहीला मनगटापासून खांद्यापर्यंत बटणं, म्हणजे सलाइन लावताना बाही वर सारायला नको. नर्सला दाखवणार आहेत. दर दोन दिवसांनी इस्त्री करतात.

आता पाठव तुझा अहवाल. एक प्रत वडलांनाही पाठव.

सोबत कुपी आहे. ही हट्टीच, पण तिच्या अंगाला मी दोन गोष्टी जोडल्यात. एका टोकाला असा भाग, की अतिनील प्रकाश पडताच ती ज्याच्याजवळ असेल त्याला कायमची चिकटेल. दुसऱ्या टोकाला गळासारखा आकडा, त्याला धरून तिला बाहेर ओढता येतं. म्हणजे तापवणं नको, रेषा नको, तर्क नको. जिवंत पेशीत सोड, प्रकाश टाक, ओढ, आणि तिच्याबरोबर कोण बाहेर येतं ते बघ. तिने त्याच प्रथिनाचा हात धरलेला असेल. तेव्हाचं तुझं तोंड बघायला मी तिथे नसेन, एवढंच वाईट वाटतं.

काळ्या कागदात गुंडाळली आहे. प्रकाश लागला की वाया जाईल, तेव्हा उघडून खात्री करायचा मोह आवर.

२९ मार्च

वहिनी,

आप्पांबद्दल वाचलं, उभी राहिले, पुन्हा बसले. तू वर्षभर लपवलंस. त्यांनी बजावलं होतं हे खरंच असेल, पण ते पाळताना तुला फार जड गेलं नसावं. वडील माझेही आहेत. तुझ्या घरी राहतात म्हणून तुझ्या एकटीचे झालेले नाहीत. हे वाक्य अन्यायाचं आहे, हे मला कळतं. त्यांचं सगळं तूच करतेस, मी वर्षातून एकदा स्वेटर पाठवते. तरी ते खोडत नाही, कारण वाचल्यावर पहिलं तेच मनात आलं.

तुझी कुपी. सगळं तू सांगितलंस तसंच केलं. जिवंत पेशीत सोडली, प्रकाश टाकला, ओढली. तिच्याबरोबर एकच प्रथिन ठळकपणे बाहेर आलं, आणि ते आपलं नाही. पेशीच्या आवरणात बसलेला तो एक पंप आहे. नको ती वस्तू आत आली की तिला धरून बाहेर फेकणं हे त्याचं काम. हट्टी उंबऱ्यापर्यंत जाते आणि तो तिला तिथूनच हाकलतो. माणसाच्या किडनीत हा पंप जोरात चालतो. दादाने वापरलेल्या जातीच्या उंदरांत तो फार मंद असतो. म्हणून उंदीर सुधारले.

मग मी पेशी गोठवून फोडल्या आणि त्याच कुपीतली हट्टी त्यांत सोडली. या वेळी तिने बरोबर आपलं प्रथिन धरून आणलं. म्हणजे तुझ्या ओढायच्या आकड्यात खोट नाही, प्रकाशात नाही, कशातच नाही. तू इतकं नेटकं काम केलंयस की मला पळवाट सापडली नाही. आणि मी शोधली. आप्पांचं वाचल्यापासून तेवढंच करत होते.

एकदा असंही वाटलं की निरुपयोगी असलं तरी घेऊ द्यावं, त्यांची उमेद राहील. पण सलाइनमधून उमेद जात नाही, रेणू जातो. आणि तो गाळून बाहेर टाकायचं काम त्यांच्या त्याच थकलेल्या किडन्यांना करावं लागेल.

अहवाल आज दिला. वर आपलं नातं लिहिलं. दादाने पेशी कशा ठेवल्या याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तू उत्तर दिलेलं नाहीस, आणि माझा अंदाज अहवालात लिहायचा नसतो.

तुला हवं होतं म्हणून सांगते : प्रथिनं वेगळी करायच्या जेलवर तो पट्टा चुकीच्या जागी दिसला तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं.

उद्या : रजेचा अर्ज.

तुझी नणंद

७ एप्रिल

तुझा अहवाल माझ्यापर्यंत यायच्या आधीच मी खाली पेशींच्या खोलीत गेले होते. इतक्या वर्षांत तिथे कधी हात घातला नव्हता. ते त्याचं राज्य होतं, मी दारातून जेवायला हाक मारायची तेवढीच. ताज्या पेशी घेतल्या, त्या सांडल्या. पुन्हा घेतल्या. हट्टी दिली, तापवल्या, मोजल्या. तुझंच उत्तर आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तू जवळ असतीस तर मी ते यंत्र तुझ्या डोक्यात घातलं असतं.

हो. गोठवायचा. आठवड्याच्या सुरुवातीला सगळ्या पेशी एकदम भरायच्या, गोठवायच्या, आणि रोज लागतील तशा वितळवून वापरायच्या. मी त्याला एकदा विचारलंही होतं, ताज्या का घेत नाहीस? म्हणाला, "आजची पेशी आणि उद्याची पेशी सारखी नसते. मग फरक पडला तो रेणूमुळे की पेशीमुळे, कोण सांगणार? सगळं एकाच ताग्यातलं हवं." मला ते पटलं. अजूनही ऐकायला बरोबरच वाटतं, हेच तर वाईट आहे. आळशीपणाने चुकला असता तर मी तुला मेले तरी लिहून दिलं नसतं. फसवलं असतं तर त्याहून नाही. तो नको इतका काटेकोर होता म्हणून चुकला. असली चूक तुमच्याच घराण्यात होऊ शकते.

हट्टीला चाचणीतून मागे घेतल्याचं पत्र आज दिलं. त्याच्या लेखाची दुरुस्ती मी छापायला देणार आहे. मीच. त्यावर तुझी सही नको, तुझे आभारही नसतील.

आप्पांना सांगितलेलं नाही आणि मी सांगणार नाही. रोज सकाळी विचारतात, "तारीख कळली का गं?" आणि मी चप्पल शोधायला लागते. सुरुवात तू केलीस, शेवट तू कर. येऊन सांग, फोनवर नाही. घरात पाऊल टाकू नको म्हटलं होतं, ते मागे घेतलेलं नाही. एका दिवसापुरतं स्थगित समज. चहा मिळेल.

१९ एप्रिल

वहिनी,

परतीच्या गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. तू स्वयंपाकघरात होतीस, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहिते. तू विचारणार नाहीस, पण तुला माहीत असायला हवं.

आप्पा मशीनपाशी बसले होते, चष्मा कपाळावर. किती लहान दिसले मला. मी अंड्यापासून सुरुवात केली.

"मला अंडं शिकवू नकोस," म्हणाले. "ते माझ्या पोराने शिकवलंय. औषध लागतं की नाही, तेवढं बोल."

"नळीत लागतं, आप्पा. माणसाच्या पेशीत पोचतच नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"वाटलंच. त्याने पाटीवर गणित सोडवलं की तू मागून ओला बोळा घेऊन यायचीस."

"गणित चुकलेलं असायचं तेव्हाच यायची."

"आता तो उलटून बोलणार नाही, म्हणून जास्त सोपं जात असेल."

खरंच सोपं जातंय का, हा प्रश्न मी तिथल्या तिथे स्वतःला विचारत बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी हवा तो अर्थ घेतला. दाराकडे बोट केलं. तेव्हा तू आतून बोललीस, "आप्पा, ती खरं सांगतेय. मी माझ्या हाताने करून पाहिलं." मागे नळ चालूच होता. तो तू बंद केला नाहीस.

त्यानंतरचं तुला दिसलं नाही. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला, मांडीवर पसरला आणि छोट्या कातरीने बाहीची बटणं कापायला लागले, खांद्यापासून खाली. रागाने ओढून तोडली असती तर मला बरं वाटलं असतं. एकेक धागा कापत होते, कापडाला धक्का न लावता. सगळी झाल्यावर माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "ने. तुझ्या प्रयोगशाळेत तपास."

मी ती घेऊन आले. टेबलावर आहेत. परत पाठवली तर खोटी आशा दाखवल्यासारखं होईल, ठेवून घेतली तर चोरल्यासारखं. काय करावं ते ठरत नाही.

तुझ्यावर रागही आहे. तू आतून बोलणार होतीस तर मला आधी सांगायचं होतंस. मी एकटीनेच वाईट व्हायचं, अशी तयारी करून आले होते. चहाही तू दिलास तो न विचारता साखर घालून. मी साखर सोडून किती वर्षं झाली.

एक कामाचं. पंप हट्टीला तिच्या शेपटीकडच्या टोकाला धरतो, असं दिसतंय. ते टोक बदलता येईल का? रसायन तुझं. मी नुसतं विचारतेय.

उद्या : ताज्या पेशी लावणे.

तुझी नणंद

११ मे

वन्सं,

'टोक बदलता येईल का' म्हणे, जणू पॅंटची उंची कमी करायची आहे. येईल कदाचित. ती शेपटी कापली तर पंप तिला ओळखणार नाही, पण मग आपल्या प्रथिनालाही ती धरणार नाही, असंही होऊ शकतं. दोन वेगवेगळ्या शेपट्यांच्या कुप्या पाठवल्यात. पेशी गोठवू नकोस. तुला हे सांगायची गरज नाही, पण मला सांगायला आवडतंय. पंपाने हाकललं तर सरळ तसं लिही. गोड शब्द शोधू नकोस, तुला जमत नाहीत.

तू गेल्यावर आप्पांनी अबोला धरला. तुझ्याशी धरला असता तर मी समजू शकले असते, माझ्याशी धरला. 'ती खरं सांगतेय' हे त्यांना तुझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तुझ्याकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. याचं श्रेय तू घे. आता त्यांना दिवसाआड इस्पितळात नेते. तिथे हातात सुया घालून रक्त बाहेर काढतात, यंत्रातून गाळतात आणि परत आत सोडतात. जाताना गप्प, येताना गप्प. मी गाडी चालवते आणि रस्त्याशी बोलते.

आज परत येताना सिग्नलला एकदम म्हणाले, "दुसरं बनवतेस म्हणे."

"बनवतेय. होईलच असं नाही."

"तपासणार कोण?"

"तुमची लेक."

सीटचा पट्टा सैल केला. मग म्हणाले, "म्हणजे लवकर व्हायचं नाही."

मी हसले. हसू आवरेना म्हणून गाडी कडेला घ्यावी लागली. ते हसले नाहीत. मागचा हॉर्न वाजवत होता त्याला मात्र त्यांनी काच खाली करून दोन शब्द ऐकवले, बऱ्याच दिवसांनी.

घरी आल्यावर खुंटीवरचा तो सदरा घेतला. बाही उघडी लोंबत होती. म्हणाले, "तिथेही बाही वर सारावीच लागते. ती नर्स वैतागते."

"बटणं वन्संकडे आहेत," मी म्हणाले. "मागवून घेऊ?"

"नको. राहू देत तिच्याकडे. दुसरी आण."

"तशीच मिळतात का बघते."

"मिळतील ती आण," म्हणाले. "जुळली नाहीत तरी चालतील."

ते सुईत दोरा ओवत होते, डोळा बारीक करून, मान वळवून. मी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी झटकला.

तुझी खोड मला लागलेली नाही. विसरू नये म्हणून लिहितेय, एवढंच.

उद्या : बाहीची बटणं आणणे.